मामा नसलेली मंडई

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावजत्राच. रात्री नाटक, दिवसा पाहुणे. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावातली अर्धी लग्नं या मंडईतच जमतात. नियम एकच: मुलानं तोंड उघडायचं नाही. मामा सांगतो, ‘पोरगा लय हुशार हाये जी’, आणि पोरगा जमिनीकडे बघतो. स्वतःची तारीफ स्वतः करणाऱ्याला आमच्याकडे फेकू म्हणतात.

हे संस्कार घेऊन मी मातीचं शास्त्र शिकायला इंग्लंडला गेलो. अभ्यास झकास चालला होता, पण शिक्षण संपायच्या आत नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून परत यायचं होतं. विद्यापीठातल्या सल्लागार बाई म्हणाल्या, वर्गात बसून काही होत नाही, नेटवर्किंग करा. अर्ध्या मिनिटात आपण किती थोर आहोत ते सांगता आलं पाहिजे. मग एका संध्याकाळी त्यांची मंडई भरली. इथं वेगळं नाटक लागतच नव्हतं. प्रत्येक जण गळ्यात नावाची पट्टी अडकवून स्वतःचाच मामा झाला होता. खतांच्या कंपनीतल्या एका साहेबानं मला विचारलं, काय करतोस? मी गालिच्याकडे बघत म्हणालो, काही नाही, थोडंफार मातीचं बघतो. त्या भल्या माणसाला ते खरं वाटलं आणि तो चीज खायला निघून गेला.

शेजारी माझ्या वर्गातला घानाचा मुलगा उभा होता. तोही गालिचाच बघत होता. त्याला मामाची गंमत सांगितली तर म्हणाला, आमच्याकडेही मामाच बोलतो. मग काय, ठरलं. मी त्याला धरून साहेबापुढे नेलं आणि त्याचे असे गोडवे गायले की तो बिचारा लाजून लाल व्हायचा बाकी होता. त्यानंही माझी स्तुती केली. पंधरवड्यात दोघांना बोलावणं आलं. त्याला प्रयोगशाळेत घेतलं. मला खत विकायला. साहेब म्हणाला, तुला दुसऱ्याचा माल छान खपवता येतो.

पुढं स्वतःचाही माल खपवायला शिकलो. जीभ सैल झाली, बढती मिळाली, आणि सुटी काढून मी मंडईला गावी आलो. मुलीकडचे पाहुणे ओसरीवर बसले होते. मामा पांढरा शर्ट घालून, घसा खाकरून तयार होता; त्याची पाहुण्यांशी ओळख अजून व्हायची होती. पाहुण्यांनी विचारलं, पोरगा काय करते? मामानं तोंड उघडायच्या आत माझं अर्धं मिनिट सुरूही झालं आणि संपलंही.

मामाचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीच्या वडिलांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि शेजारी बसलेल्या मामालाच हळूच विचारलं,

“पोरगा हुशार हाये जी. पन याले मामा नाई का?”