माझी आई सावळी होती

दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेली. सेनगावहून निरोप आला, पण एसटीनं मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही. कुरुंद्याला सासरी परतले ती गप्पच. डोळ्यांत पाणी नाही, घशाखाली घास उतरत नाही. सासूबाई धास्तावल्या. येईल त्याला सांगत, "पोरगी दगडावानी होऊन राहिली." मला त्याचाही राग यायचा.

आमच्याकडे भेटायला येणारी बाई दारातूनच हेल काढते आणि गेलेल्या माणसाचे गुण गात गळ्यात पडते. मी सातवी शिकलेली, मला तो निव्वळ तमाशा वाटायचा. गल्लीतली एक म्हातारी तर यात पटाईत. कुणाच्याही घरी रडायला पहिली हजर.

शिजवलेली हळद अंगणात पसरत होते, तेव्हा ती आली. आली तशी गळ्यात पडून सुरू झाली, "माय माझी गोरीपान गं! कशी गेलीस गं!"

"माझी आई सावळी होती," मी ताडकन म्हटलं.

हेल मधेच तुटला. म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "सावळी व्हती? मंग कशी व्हती, सांग की."

तिला गप्प करायलाच मी सांगू लागले. आईला काळी म्हटलेलं खपायचं नाही. बाबांशी भांडता भांडता ती चहा उतू जाऊ द्यायची. मी सासरी निघाले की एसटीपाशी रागावल्यासारखं तोंड करून उभी राहायची, रडू दिसू नये म्हणून. एवढं बोलले आणि माझाच बांध फुटला. हळदीच्या हातांनी डोळे पुसत मी मोठ्यानं रडले. म्हातारी पाठीवरून हात फिरवत "बोल, अजून बोल" म्हणत राहिली.

रडून हलकं वाटल्यावर मी विचारलं, "मावशी, तिला पाहिलं नव्हतं, मग गोरी काहून म्हणालात?"

"समद्यायच्याच मायला म्हणते, बाई. माझी माय गेली तवा मी रांगत व्हते. गोरी व्हती, एवढंच लोकायनं सांगतलं. दुसरं काय म्हणून रडू?"

मी तिचा हात धरून तिला चुलीपाशी नेलं आणि भाकरी टाकता टाकता आईचं सांगत राहिले. त्या दुपारी आम्ही दोघी एकाच आईसाठी रडलो, आणि पोटभर जेवलो.