नवव्या मजल्यावरची शेगडी

शहाताचं नाक म्हणजे नाक नव्हतंच, यंत्र होतं यंत्र! कुवेतच्या त्या नऊ मजली काचेच्या इमारतीत सव्वीस वर्षं त्याने हवा सांभाळली. सकाळी सातला यायचं आणि प्रत्येक मजल्यावर क्षणभर उभं राहून हुंगायचं. कुठे सतरंजी ओली राहिलीय, कुठे वीस माणसांच्या जागेत पस्तीस कोंबलीत, त्याला दारातच कळायचं. लोक फिदीफिदी हसायचे. “आला रे आला, हुंगणारा आला!” हसा लेको, हसा. जिथे एकही खिडकी उघडत नाही, तिथे तुम्ही दिवसभर काय ओढताय ते त्या एकट्याला ठाऊक होतं.

गडी मूळचा मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, मन्सूराकडचा. त्याची धाकटी बहीण सबाह लग्नाच्या आदल्या दिवशी न्हाणीघरात गेली. गॅसचा बंब पेटलेला, थंडी लागू नये म्हणून झरोका चिंध्यांनी बुजवलेला. ती जिवंत बाहेर आलीच नाही. त्यानंतर शहाताने सुतारकी सोडली आणि हवेचं काम धरलं. याहून जास्त तो कधी कोणाशी एक अक्षर बोलला नव्हता.

ईदच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. त्या दिवशी काम कोण करतं? नवव्या मजल्यावरच्या मोठ्या दिवाणखान्यात मालक येऊन बसतात, सगळे कोरे पांढरे झगे घालून गळाभेटीला जातात, खजूर आणि कहवा चालू असतो. नेमकं त्याच सकाळी आकाश विटकरी झालं. धुळीचं वादळ आलं की गच्चीवरची, बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद करायची, हा शहाताचाच नियम. त्याने ती केली. दर तासाला पाच मिनिटं उघडायची, हाही त्याचाच नियम. पण व्यवस्थापक बू मिशारी आडवे आले.

“आज झडपेला हात लावायचा नाही हं, उस्ताद! मालकांच्या झग्यावर धुळीचा एक कण जरी पडला ना, तर तुझ्या इकाम्यावर माझी सही विसर.”

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, आणि शहाताचा आठ दिवसांत संपत होता. तो मुकाट्याने तळघरातल्या यंत्रांकडे गेला. चूक केली त्याने, मी सांगतो. तिथेच भांडायला हवं होतं.

दुपारी बाराच्या सुमारास तो वर आला, तेव्हा दिवाणखान्याबाहेरच्या टेबलाशी बसणारी, दलाल नावाची पोर कपाळ चोळत होती. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस गेलेले, सहावा महिना चालू. शहाताला ती काका म्हणायची आणि त्याच्या डब्यातली लोणच्याची फोड हक्काने उचलायची.

“काका, डोकं नुसतं ठणकतंय हो. आणि मळमळतंय.”

“जेवलीस का?”

“जेवले ना! मी एकटीच नाही, सगळ्यांचंच डोकं धरलंय. उदाचा धूर जास्त झालाय, दुसरं काय.”

शहाताने हुंगलं. उदाचा घमघमाट होता, बाकी काही नाही. तो दिवाणखान्यात डोकावला. मधोमध परातीएवढी शेगडी धगधगत होती, तिच्यावर कहव्याच्या किटल्या. कहवा देणारा सुदानी म्हातारा बखीत एरवी निखारे गच्चीवर फुलवून उदापुरते दोन-चार खाली आणायचा. आज वादळात गच्चीवर कसा थांबणार? बिचाऱ्याने अख्खी शेगडीच आत मांडली होती. झडप बंद आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि शेगडी आत आहे हे शहाताला. चाळीस माणसं दोन तास तीच ती हवा ओढत होती. कोळशाच्या त्या विषाला वास नसतो. नाक असून काय उपयोग!

तो बू मिशारींच्या कानाशी लागला. “साहेब, सगळ्यांना खाली न्या. आत्ताच्या आत्ता. हवेत विष झालंय.”

“डोकं फिरलं का तुझं? मालक बसलेत!”

“मग निदान शेगडी तरी हलवू द्या.”

“पाहुण्यांसमोरची आग उचलतात का कुठे? म्हणजे चला, उठा म्हटल्यासारखं! अब्रू घालवतोस माझी? चल नीघ.”

शहाताने कोपऱ्यातल्या बखीतकडे पाहिलं. म्हातारा भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून पेंगत होता, आणि मालक जांभईवर जांभई देत होते. शहाता पुढे झाला, खांद्यावरचं फडकं दोन्ही हातांना गुंडाळलं आणि शेगडी उचलली. बोलणी तटकन थांबली. कोणीतरी “अरे, अरे!” म्हणालं. मालकांचा चेहरा पडला, बू मिशारी लालबुंद झाले.

“उठा, सगळे जिन्याने खाली जा!” शहाता ओरडला. एकही उठला नाही. अपमानाने माणसं जागच्या जागी ताठ बसून राहिली.

फडकं करपायला लागलं होतं. तो तसाच जिना चढून गच्चीवर गेला. वाळू डोळ्यांत सुयांसारखी घुसत होती. शेगडी आडोशाला टाकून त्याने चाचपडत झडपेचा दांडा शोधला आणि भाजलेल्या हातांनी पूर्ण उघडला.

तो खाली आला तेव्हा छतातल्या जाळ्यांतून पिवळी धूळ भसाभसा सांडत होती. पांढरे झगे मातकट झालेले, माणसं खोकत, शिव्या देत दाराकडे धावत होती. निघाली एकदाची! दोघांनी बखीतला काखेत धरलं होतं.

“संपलास तू!” बू मिशारी किंचाळले. “उद्याच्या विमानाने...” पुढचे शब्द आलेच नाहीत. त्यांचे गुडघे मुडपले आणि ते गालिच्यावर फतकल मारून बसले.

शहाताने तिकडे बघितलंही नाही. दलालची खुर्ची रिकामी होती.

बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार आतून बंद होतं. त्याने धाडधाड वाजवलं. “दलाल! पोरी!”

आतून बारीक आवाज आला. “काका, थोडं गरगरतंय... आत्ता येते.”

परक्या बाईच्या बंद दाराला पुरुषाने हात लावायचा नसतो, तिथे तर नाहीच नाही. शहाताने एक श्वासही थांबून पाहिलं नाही. खांदा दिला, पुन्हा दिला, तिसऱ्यांदा कडी उखडली. दलाल फरशीवर आडवी होती, डोळे अर्धवट मिटलेले. त्याने तिला उचललं आणि नऊ मजले उतरला. साठीचा माणूस! वाटेत तो एकसारखा बडबडत होता, “झोपू नकोस गं, लोणचं आणलंय, झोपू नकोस.”

इस्पितळात तिला प्राणवायू लावला. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोके नीट आहेत. बखीतही शुद्धीवर आला. बू मिशारी बाजूच्याच खाटेवर नळी लावून पडले होते, आणि त्यांनी शहाताकडे पाहायचं टाळलं.

दलालचा नवरा बाहेरच्या बाकावर शहाताशेजारी येऊन बसला. शहाताच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, म्हणून चहाचा पेला त्यानेच त्याच्या ओठांशी धरला.

“काका, एक विचारू? ती तर आत्ता येते म्हणाली होती. मी असतो तर वाट पाहिली असती. तुम्ही दार का तोडलंत?”

शहाताने तोंड फिरवलं. चहा तसाच राहिला.

“सबाहपण आत्ता येते म्हणाली होती,” तो म्हणाला. “मी बाहेर बसून चहा पीत होतो. पेला संपेपर्यंत थांबलो.”