पिकोताई आणि आमची रबराची वाट

पिकोताई कुठल्याही जमिनीला चांगलं म्हणायच्या आधी तिच्यावर काठी आपटून बघायच्या. दोनदा ठोकायच्या, तिसऱ्यांदा काठी तिरकी करून ढकलायच्या आणि मग निकाल. "दिसायला छान आहे गं, पण पाडणार." माझ्या स्वयंपाकघरातली नवी लादी त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केली, तेव्हा मला असा राग आला होता! आठ दिवसांनी त्याच लादीवर आमचे हे आडवे झाले आणि मला तो राग मुकाट्याने गिळावा लागला.

ठाकुर्लीत आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर त्यांचं पिको-फॉलचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोपटी. नाव काहीतरी छान होतं त्यांचं, पण ते फक्त लाइटबिलावर. लहानपणी पोलिओ झालेला. डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि त्या पट्ट्या खाली जाड चामड्याच्या बुटात पक्क्या बसवलेल्या. तो बूट काढला की त्यांना उभंही राहता येत नसे. हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. मला तर होतंच होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे सबब सांगायची सोय राहणार नाही.

काठीच्या टोकाचं रबर झिजलं की त्या नवं विकत आणत नसत. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून जुन्या टायरचा तुकडा कापून घ्यायच्या. "टायर जन्मभर रस्त्याशी भांडलेला असतो. त्याला पकड शिकवावी लागत नाही," म्हणायच्या. म्हणूनच मानपाड्याकडच्या एका कारखान्याचं पत्रक त्यांच्या हाती पडलं तेव्हा त्यांनी ते गिऱ्हाइकाच्या साडीत गुंडाळून थेट माझ्याकडे आणलं. कारखाना जुने टायर दळून त्यांच्या लाद्या बनवायचा, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अपंगांना सहज जाता येईल अशी सार्वजनिक जागा करायची असेल तर वस्तीला अनुदान द्यायचा. मी आमच्या कमिटीची सेक्रेटरी. "अगं, तुझं इंग्रजी काय लोणच्यात घालायला ठेवलंयस? भर हा अर्ज!"

आमच्या इमारतींच्या मागे एक लहानशी बाग आहे. फाटकाला तीन उंच पायऱ्या, आत उखडलेले पेव्हर ब्लॉक. इतकी वर्षं शेजारी राहून ताई कधी आत गेल्या नव्हत्या. कुंपणाबाहेर उभ्या राहून विचारायच्या, "कसला गं हा वास?" मी म्हणायचे, बकुळीचा. एकदा पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत न्यायची तयारी दाखवली, तर काठी उगारली त्यांनी. "मी काय गणपती आहे? माझ्या पायांनी जाईन आणि त्या झाडाखाली बसेन. नाहीतर बाहेर बरी आहे."

हे सगळं मी अर्जात लिहिलं. अगदी रंगवून लिहिलं. अनुदान मिळालं ते त्यांच्याच जोरावर. पायऱ्या जाऊन उतार आला, कठडा आला आणि फाटकापासून बकुळीपर्यंत लाल रबराची मऊ वाट आली. काम चालू असताना ताई रोज बाहेरून मुकादमाला सूचना द्यायच्या. तो बिचारा त्यांना इंजिनिअर मॅडम म्हणायला लागला होता.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. नवी वस्तू आली की आम्ही ती वापरत नाही, जपतो. रिमोटला प्लास्टिक, सोफ्यावर चादर, चांगले कप पाहुण्यांना. ती लाल वाट बघून कमिटीचा जीव वर-खाली व्हायला लागला. अध्यक्ष म्हणाले, "चिखलाच्या चपला घेऊन लोक फिरले तर महिन्यात वाट लागेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. पाटी मी स्वतः रंगवली : 'चपला-बूट बाहेर काढूनच आत यावे.' अहो, टायर ते! जन्मभर शेणाचिखलातून फिरलेले. त्यांना आमच्या चपलांचा विटाळ! त्या बैठकीत मेलं एकालाही हसू आलं नाही.

उद्घाटनाला ताई सगळ्यांच्या आधी आल्या, मोरपंखी साडी नेसून. फाटकात अध्यक्ष उभे होते. म्हणाले, "ताई, बूट." ताई हसल्या. त्यांना थट्टाच वाटली. "बूट काढला तर पायही इथेच ठेवावा लागेल, चालेल?" अध्यक्ष हसले नाहीत. तेवढ्यात कारखान्याचे साहेब आले आणि पाटी वाचून त्यांनी निमूटपणे बूट काढले. मागे माणसांची रांग. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी हातात ओवाळणीचं तबक घेऊन उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, की ही वाट त्यांच्यासाठीच आहे, त्यांना जाऊ द्या. तोंडातून काय निघालं? "ताई, आज जरा बाहेरच खुर्चीवर बसता का? तुमचं मग बघू."

ताईंनी पाटीकडे बघितलं. "अक्षर तुझं ना? छान काढलंयस," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, तोच तर त्रास आहे. मग त्या बाहेर बसल्या. आत माझं भाषण झालं. त्यात मी त्यांचं नाव घेतलं, लोकांनी फाटकाकडे वळून टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा मला माझं भाषण कसं झालं याचीच काळजी.

लाज नंतर आली. पाटी काढायला कमिटीला दोन बैठका लागल्या. वरातीमागून घोडं. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "येईन गं, लग्नसराई संपू दे." भांडल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. पण त्या माझ्या साड्यांना तितकाच सुबक फॉल लावत राहिल्या. बागेत आल्या नाहीत.

पुढे कारखान्याने कळवलं, वाट वापरणाऱ्यांचा एक फोटो पाठवा. आणि मी गेले! माफी मागायला नाही, फोटोसाठी. त्या मशीन बंद करून उठल्या. उतारावरून, कठडा धरून, त्या लाल वाटेवर अर्ध्यापर्यंत आल्या. मी म्हटलं, "ताई, जरा हसा ना." म्हणाल्या, "हसायचे वेगळे घेते हं मी." आणि हसल्या. फोटो झाला. मी म्हटलं, आलाच आहात तर बसा ना बकुळीखाली. त्यांनी झाडाकडे बघितलं, क्षणभर बघितलं. "झालं ना तुझं काम? जाते. साड्या पडल्यात." आणि वळल्या.

त्यानंतर वर्षभरात त्या कल्याणला भाचीकडे गेल्या, आणि तिथेच न्यूमोनियाने गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं.

कारखान्याने तो फोटो मोठा करून पाठवला. अध्यक्षांनी तो फाटकाशी लावलाय. परवा ठाण्याहून, टेंभी नाक्याच्या बाजूची काही मंडळी आली होती, त्यांनाही असाच अर्ज करायचाय. त्यांच्यातली एक मुलगी फोटोपाशी थांबली. म्हणाली, "किती छान हसतायत! रोज येत असतील ना?"

"यायच्या," मी म्हणाले. "रोज यायच्या."