मनगटावरची खूण

सकाळच्या शिफ्टला दहा मिनिटं असताना गौतमच्या बहिणीचा फोन आला. "भाऊ, दादा गेला..." एवढंच बोलली. मी कंपनीच्या गेटवर तसाच उभा राहिलो.

चाकणच्या त्या कंपनीत गौतम आणि मी एकोणीस वर्षं पत्रा ठोकायच्या शेजारशेजारच्या प्रेसवर काढली. मशीनच्या धडधडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातांनीच बोलायचो. मूठ वर केली की थांब, अंगठा तोंडाकडे नेला की चहा. माझ्या बायकोच्या भाजीची थट्टासुद्धा तो खुणांनीच करायचा. बाहेर टपरीवर मात्र आम्हाला फारसं काही सुचायचं नाही.

दाढ दुखत असताना तो लवंग धरून आठवडाभर कामावर आला. "दाढेसाठी रजा टाकू? लोक हसतील, राव," म्हणाला. मीच आधी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते. मग गळा सुजला, गिळता येईना, धाप लागली. पिंपरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई म्हणाल्या, "दाढेतला पू मानेतून छातीत उतरलाय. मान आणि छाती, दोन्ही उघडून धुवावं लागेल. एकदा करून भागेलच असं नाही."

दोन ऑपरेशनं झाली. बरगड्यांमधून नळ्या, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून आणखी एक. आवाज बंद. नर्सने लिहायला वही दिली, पण त्याला पेन धरवेना. शेवटी त्याने कशीबशी मूठ वर केली. मी म्हणालो, "सिस्टर, थांबा, त्याला दुखतंय." त्या दिवसापासून मला आत बसू देऊ लागले. त्याचं बोलणं फक्त मला कळतं, याचा मला चक्क अभिमान वाटायचा.

तिसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने मनगटावर दोनदा बोट आपटलं. मी म्हणालो, "सव्वाचार झालेत." त्याने पुन्हा आपटलं. मी घड्याळच पुढे धरलं. त्याने डोळे मिटून घेतले... ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आला नाही.

जलदानविधी आटोपून मी कामावर गेलो. शिफ्ट सुटताना सवयीने त्याच्या प्रेसकडे पाहिलं आणि पाय जागीच थांबले. घरी वाट बघणारं कुणी नाही म्हणून तो नेहमी ओव्हरटाइमला थांबायचा. माझं काम उरलेलं दिसलं, की मनगटावर दोनदा बोट आपटून हात गेटकडे करायचा. तुझी वेळ झाली, तू निघ, मी बघतो. हॉस्पिटलात गेटकडे करायला त्याचा हात उचलला गेला नव्हता, आणि मी त्याला किती वाजले ते सांगत बसलो.

आता त्याच्या प्रेसवर नवा माणूस आहे, कानात बोळे घालून काम करतो. शिफ्ट सुटली तरी मी थोडा वेळ तिथेच रेंगाळतो. निघ म्हणून कुणी सांगितलेलं नसतं.