पडीक ठेवलेले डोळे

माझ्या नवऱ्याचा हट्ट सांगायला बसले की लोक आधी हसतात. हसा बापडे! तापीकाठच्या आमच्या गावात त्यांना तोंडावर नथ्थूभाऊ म्हणतात आणि पाठीमागं घुबड. दिवे लागले की हा माणूस आंधळा, भिंत धरून चालणारा. पण कोठीच्या खोलीत दार लावून दोन-तीन तास अंधारात बसला, की अमावस्येला उसात पाणी असं फिरवायचा की डोळस गडी मागं पडावा. शेतीची वीज रात्रीचीच येते, म्हणून जेवण झालं की हे कोठीत. मधेच कुणी तोंडावर बॅटरी मारली तर झालं, पुन्हा पहिल्यापासून बसणं. तेव्हा जी शिवी निघायची ती मी काही इथं सांगत नाही.

पन्नाशीत दिवसाही कडेचं दिसेना झालं. कधी चौकटीवर खांदा आपटायचा, कधी बैलाच्या अंगावर जायचे. रुपा आमची एकुलती पोर, तिनंच ओढून सुरतेला नेलं. तिथल्या डॉक्टरणीला मराठी येत होतं. तिनं रक्त तपासलं आणि विचारलं, "तुमच्या आईवडिलांचं आधीपासून नातं होतं का?" होतं ना! सासूबाई म्हणजे सासऱ्यांच्या मामाची पोरगी. घरातली लेक घरात आली, म्हणून तेव्हा केवढं कौतुक झालं होतं.

मग तिनं समजावलं. उजेड पडला की डोळ्यातलं एक द्रव्य जागं होतं आणि निरोप धाडायला लागतं. निरोप पुरे झाला की त्याला गप्प करायला एक प्रथिन असतं, अरेस्टिन. त्याचे भाऊबंद अंगभर आहेत, काळजात, फुप्फुसात, आणि बरेचसे हेच थांबवायचं काम करतात. यांच्या डोळ्यातलं तेवढं जन्मापासून बिघडलेलं. म्हणून जरा उजेड लागला की डोळा तासन् तास थांबतच नाही, आणि अंधारात बसून तो निवेपर्यंत रात्रीचं काही दिसत नाही.

"भाऊ, विहीर आटली तरी मोटर चालूच राहिली तर काय होतं?"

"जळी जास," हे म्हणाले.

"तसंच होतंय. औषध नाही. कडक उन्हात काळा चष्मा लावा. आणि आहे ती नजर वापरा, काय पाहायचं ते पाहून घ्या."

यांनी ऐकलं फक्त चष्म्याचं. परतीच्या एसटीत मला म्हणतात, "दोन साल वावर पडीक ठेवं तर मंग कसं पिकस! डोया बी पडीक ठेवसू."

झालं! रात्रीचं बसणं दिवसावर आलं. आधी दुपारभर, मग सकाळचा चहाही कोठीत, डोळ्यांवर माझ्या लुगड्याची पट्टी. मी भांडले, पट्टी ओढून काढली. रुपानं डॉक्टरणीला फोन लावून दिला, तीही ओरडली, की अंधारानं मेलेलं परत येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणू? अंधारात बसलं की दिसतं, हे त्या माणसानं जन्मभर अनुभवलेलं. थोड्या अंधारानं एवढं मिळतं, तर पुष्कळ अंधारानं किती मिळेल!

असं दीडेक वर्ष गेलं आणि रुपाचं लग्न ठरलं, शहाद्याच्या नवनीतशी. मंडपात हॅलोजन, व्हिडिओवाल्याचे दिवे. हे म्हणाले, एवढ्या उजेडात आजवरची सगळी कमाई जाईल. बाहेर आलेच नाहीत. कन्यादानाला दीर-जाऊ बसली. त्याआधी रुपा शालू नेसून कोठीच्या दाराशी गेली. "दादा, एक डाव दखा ना माले."

आतून आवाज आला, "सुखी ऱ्हाय बेटा. दिवाळीले येशी तव्हा पोट भरी दखसू."

दिवाळीला आली ती. यांना अंगणात आणून बसवलं, पट्टी सोडली. रुपा समोर गुडघ्यावर बसली होती. डोळे टक्क उघडे, आणि मला विचारतात, "दिन उगना का?" भर दुपार होती. रुपा तोंडात पदर कोंबून रडली, त्यांना कळू नये म्हणून.

सुरतेला पुन्हा गेलो. डॉक्टरीण हळूच म्हणाली, "नजर जाणारच होती. पण मधली दोन वर्षं तुमची होती." माझा तर जीवच विझला.

आता ते ओट्यावर बसतात. परवा मी शेंगा फोडत होते, तर म्हणाले, "छबू, लगीनमा रुपा कशी दिखनी?"

मी शालूचा रंग सांगितला. नथ सांगितली, बांगड्या सांगितल्या.

"हार टाका तव्हा हासनी का ती?"

ओ माय! ते मी कुठं पाहिलं? मंडपात मंगलाष्टकं चालली होती, आणि मी इकडं बंद दाराला कपाळ लावून यांना हाका मारत होते.