मोर बारा की अठरा

आमच्या दाजींएवढा सरळ माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात नव्हता, आणि त्यांच्याएवढे घोटाळेही दुसऱ्या कुणी घातले नसतील. थोरल्या बहिणीचे हे यजमान नळदुर्गाच्या मदरशात उर्दूतून रियाझी, म्हणजे गणित, शिकवीत आणि घरी आले की मराठीतून कविता करीत. दोन्ही एकच, असा त्यांचा दावा. "कविता म्हंजे गाऊन दाखवलेला हिसाब," म्हणत ते कुणाचंही गाणं बोटांवर मोजत. एकदा शेजारीण जात्यावर ओवी गात होती. दाजी खिडकीतून ओरडले, "बाई, एक मात्रा सांडली!" "पीठ न्हाय ना सांडलं? मग ऱ्हाऊ द्या!" म्हणत तिनं जातं आणखी जोरात फिरवलं.

येरमाळ्याला माझं लग्न लागलं, तेव्हा शेवटची मंगलाष्टका अर्थात दाजींची. भटजी मुहूर्ताची घाई करीत होते, आणि दाजींनी डोळे मिटून मंगलाष्टकेत चक्क गणित घातलं. डोंगरावरच्या मोरांतले निम्मे नाचू लागले, तिसरा हिस्सा झाडावर बसला, उरलेले दोन वधूवरांना बघायला मांडवात आले. तर मोर एकूण किती? उत्तरही त्यांनीच गाऊन टाकलं, अठरा! लोकांनी अक्षता उगारल्या, तोच अंतरपाटापलीकडून आवाज आला, "बारा."

उगारलेल्या अक्षता मुठीतच राहिल्या. नवरी बोलली, आणि तीही वरपक्षाच्या जावयाची चूक काढत! माझे चुलते "असली पोरगी आपल्या घरात नको" म्हणत चपला शोधू लागले. सासऱ्यांनी त्यांच्या पायावर ठेवायला पागोटं उतरवलं. मी हार धरून उभा; लग्न मोडतंय ही भीती होती आणि बायको हवी तर हीच, असंही वाटत होतं. दाजी मात्र अंतरपाटावर बोटानं आकडे काढण्यात गुंग. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "बाराच की! पण वृत्तात बारा बसंना, म्हणून सहा मोर वाढवले मी. काका, चपला ठेवा. ही पोर घरात आली न्हाय, तर मीबी सासुरवाडीला पाय ठेवत न्हाय!" जावई रुसण्यापेक्षा सून बोलकी बरी, असा हिशेब चुलत्यांनी केला असावा. ते थांबले. "सावधान!" ही आरोळीही मग दाजींनीच ठोकली.

पुढं दाजी आले की आधी हिच्यासमोर बसत, नवी कविता म्हणत आणि "काढ चूक" म्हणत. ती काढी आणि दोघं हसत सुटत. मला हेवा वाटे. म्हातारपणी त्यांच्या मात्रा आणि आकडे दोन्ही ढळू लागले. हिच्यानं चूक दाखववेना. "बराबर हाय, दाजी," एवढंच ती म्हणायची. एके दिवशी दाजींनी कविता अर्धीच टाकली.

"चूक काढ गं पोरी," ते म्हणाले. "तू काढंनाशी झालीस, तवापासनं लई एकटं वाटतंय."

हिनं पदरानं डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून एकेक चूक सांगायला घेतली. दाजी मान डोलावत ऐकत राहिले.