रस्मियाचा सिरका

डोंगरउतारावरच्या सल्त गावातली घरं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली. वरच्या घराचं अंगण म्हणजे खालच्या घराचं छप्पर. त्यामुळे रस्मियाच्या पिंपात सिरका मुरायला लागला की आंबूस वास आधी खाली उम्म गस्सानकडे, म्हणजे गस्सानच्या आईकडे, उतरायचा, आणि ती तिथूनच हाक मारायची, "रस्मिया, तुझी द्राक्षं कुजली का माझं नाक कुजलं?"

रस्मिया पूर्वी मुलींच्या एका शाळेत सफाईला होती. क्लोरीनने मोऱ्या घासता घासता तिची छाती कामातून गेली. डॉक्टर म्हणाले, एक तर क्लोरीन सोडा, नाहीतर श्वास सुटेल. नवरा आधीच गेलेला, मुलगा कुवेतला. तिने नोकरी सोडली आणि आई करायची तसा सिरका घालायला लागली. डागी द्राक्षं चेचायची, पिंपाला फडकं बांधायचं, चांगलं आंबलं की गाळून त्यात कडू नारिंगाची सालं टाकायची. बेसिन, नळ, चहाचे डाग, किटलीतला चुना, सगळं त्याने निघायचं. आळीतल्या बाया रिकाम्या बाटल्या घेऊन यायच्या. प्रत्येकीला ती एकच गोष्ट बजावायची, "दगडी फरशीला लावू नका गं. दगड खातो हा."

ईदच्या आदल्या आठवड्यातली सकाळ. रस्मिया सालं सोलत बसली होती. खालून उम्म गस्सानची हाक आली, पण नेहमीची नव्हे. आवाज पार फाटलेला.

"वर कोणी आहे का? हनादी पडली! न्हाणीत पडली!"

हनादी ही तिची सून. सहावा महिना चालू होता. रस्मिया पायऱ्या उतरून धावली आणि दारातच थबकली. तो वास तिला झोपेतही ओळखू आला असता. तिने डोक्याचा रुमाल नळाखाली भिजवला, नाकातोंडाला बांधला आणि आत घुसली. न्हाणीच्या झरोक्याला थंडीसाठी लावलेला पुठ्ठा अजून तसाच होता. हनादी बादलीशेजारी मुटकुळं करून पडलेली, खोकत, डोळे मिटून. रस्मियाने तिच्या काखेत हात घातले आणि ओढत ओढत तिला अंगणात आणलं. परत आत जाऊन बादली बाहेर काढायची तिची इच्छा होती, पण तिचाच श्वास अडकला. तिने न्हाणीचं दार तेवढं ओढून घेतलं.

"आत क्लोरीन आहे," ती धापा टाकत म्हणाली. "कोणी घातलं?"

"आमच्या घरात क्लोरीन नसतंच," उम्म गस्सान म्हणाली. ती रस्मियाकडे बघत नव्हती.

गस्सान गाडी घेऊन आला आणि बायकोला दवाखान्यात घेऊन गेला. दुपारपर्यंत आळीभर झालं, रस्मियाच्या सिरक्यापायी उम्म गस्सानची सून मरायचीच, थोडक्यात वाचली. रस्मियाच्या पायऱ्यांवर एकेक करून भरलेल्या बाटल्या परत येऊन उभ्या राहायला लागल्या.

संध्याकाळी रोजा सोडायच्या थोडं आधी ती दवाखान्यात गेली. हनादीच्या नाकाला नळी होती. पोटातलं बाळ ठीक आहे, असं नर्स म्हणाली. खाटेशी उम्म गस्सान बसली होती, जपमाळ घट्ट धरून.

"पोरी, बादलीत माझ्या सिरक्याशिवाय काय होतं?"

हनादीने सासूकडे पाहिलं. मग छताकडे. "आठवत नाही, मावशी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

रस्मियाला काय ते समजलं. पोरीला त्याच घरात नांदायचं होतं. तिने विषय वाढवला नाही. "गस्सान कुठं आहे?" एवढंच विचारलं.

"घरी गेला," उम्म गस्सान म्हणाली. "तुझा तो सिरका सगळा धुऊन काढतो म्हणाला. जाताना चांगलं..." ती थांबली.

"जाताना चांगलं काय?"

"क्लोरीन घेऊन जातो म्हणाला."

सिरक्यात क्लोरीन पडलं की विषारी वायू सुटतो. बादली अजून त्या बंद न्हाणीत होती, अर्धी भरलेली.

"फोन लाव," रस्मिया म्हणाली.

उम्म गस्सानला घाईत नंबर लागेना. हनादीने उशाचा फोन पुढे केला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. रस्मियाला बाकी काही सुचेना. आता उठून पळालं तरी डोंगर चढून पोचेपर्यंत सगळं होऊन जाईल. तिसऱ्यांदा गस्सानने उचलला. "मी आहे," उम्म गस्सान म्हणाली.

"काय आहे यम्मा? हात ओले आहेत माझे."

"न्हाणीत गेलास?"

"जातोच आहे."

"जाऊ नकोस." उम्म गस्सान उठून उभी राहिली. "ऐक. सिरक्याने काही झालं नाही. मीच ओतलं त्यात क्लोरीन. सिरक्याला स्वच्छतेचा वास येत नाही, म्हणून मीच. दार उघडू नकोस बाळा, बाटली खाली ठेव."

शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघत होती. मग गस्सान म्हणाला, "ठेवली." आणि फोन बंद केला.

रस्मियाने मागाहून त्याला समजावलं, बाहेरून काठीने झरोक्याचा पुठ्ठा पाड, रात्रभर उघडं राहू दे. त्याने तसंच केलं. तिच्याशी नजर न मिळवता.

हनादी ईदनंतर घरी आली. तिचा खोकला बाळंतपणापर्यंत टिकला. मुलगी झाली, सुखरूप. उम्म गस्सानने माफी मागितली नाही आणि रस्मियाने अपेक्षाही केली नाही. पण एक गोष्ट तिला पोखरत राहिली. दगडाला जप म्हणून तिने घरोघर सांगितलं होतं. आपली छाती ज्याने खाल्ली, त्या क्लोरीनबद्दल मात्र कोणाला चकार शब्द नाही. आपल्या घरात नाही, म्हणून ती धरून चालली होती की कोणाच्याच घरात नसेल.

काही बाया आपल्या बाटल्या परत घेऊन गेल्या, काहींच्या तिथंच राहिल्या. त्या हिवाळ्यात रस्मियाचा दम वाढला, बसूनच झोपावं लागायचं. नवी द्राक्षं आली तेव्हा तिला पिंपाजवळ उभंही राहवेना. एक दिवस हनादी मुलीला काखोटीला मारून वर आली, मुलगी रस्मियाच्या मांडीवर दिली आणि बाह्या सरसावून म्हणाली, "मावशी, सांगा. किती चेचायची?"

खालून उम्म गस्सानने हनादीला हाक मारली. हनादीने ओ दिली नाही.